नॉर्थ बॅटर्सी: मतं नक्की कोणाची होती?

लंडनच्या नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघातून नोव्हेंबर १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला खासदार झाले, तेव्हा त्यांचे निवडणूक एजंट होते जॉन आर्चर. या कामासाठी आर्चर यांनी आपलं नगरसेवकपद सोडलं होतं. साडेसहा वर्षांनी, मे १९२९ मध्ये, सकलातवाला त्याच मतदारसंघात तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. निवडून आलेल्या उमेदवाराचे एजंट कोण? तेही जॉन आर्चरच.

सकलातवालांची गोष्ट आपल्याकडे सहसा कौतुकाने आणि घाईने सांगितली जाते. जमशेटजी टाटांचा भाचा, जन्म मुंबईचा, कम्युनिस्ट झाला आणि थेट ब्रिटिश संसदेत जाऊन बसला. गोष्ट खरी आहे. पण तिच्यात मतदारसंघ दिसतच नाही. जणू एक बहाद्दर माणूस होता आणि समोर टाळ्या वाजवणारी गर्दी होती. निवडणुका अशा होत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यातला कार्यकर्ता सांगेल. म्हणून इथे माणसापेक्षा मतदारसंघाकडे जास्त पाहायचं आहे. १९२४ साली पंधरा हजार मतं मिळवणारा उमेदवार १९३१ साली तीन हजारांवर येतो. मग मधली बारा हजार मतं कोणाची होती?

हा मतदारसंघ १९१८ च्या फेररचनेत जन्मला आणि १९८३ च्या फेररचनेत संपला. त्याआधी बॅटर्सी ही एकच जागा होती आणि ती जॉन बर्न्स यांची होती. बर्न्स कामगारांमधून आलेले. १८९२ पासून १९१८ पर्यंत खासदार, मधल्या काळात उदारमतवादी सरकारात मंत्री. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसलेला पहिला कामगार असा त्यांचा लौकिक. १९१४ मध्ये महायुद्धाला विरोध म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि १९१८ ला ते उभेच राहिले नाहीत. त्याच वेळी बॅटर्सीचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडे टेकडीचा, बऱ्या घरांचा भाग गेला. उत्तरेकडे थेम्सचा काठ, नाइन एल्म्सचे रेल्वे यार्ड, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने राहणारी कामगार वस्ती आली. तिच्यात आयरिश कुटुंबंही बरीच होती.

या वस्तीचं राजकारण निव्वळ पगाराचं नव्हतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्याला लागू पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सगळा देश युद्धज्वराने पेटलेला असताना बॅटर्सीच्या बरो कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, विरोधाचा सूर लावला होता. कौन्सिलने कंत्राटदार टाळून स्वतःच्या मजुरांकडून लॅचमीअर इस्टेट ही वसाहत बांधून घेतली. ती १९०३ मध्ये खुली झाली. तिच्यातल्या रस्त्यांची नावं पाहा: फ्रीडम स्ट्रीट, रिफॉर्म स्ट्रीट, आणि जुबर्ट स्ट्रीट. जुबर्ट हे इंग्रजांशी लढलेल्या बोअरांचे सेनापती. पुण्यात १९४२ नंतर एखाद्या रस्त्याला जर्मन जनरलचं नाव दिलं असतं तर काय झालं असतं, अशी कल्पना करून पाहावी.

१९१३ साली याच कौन्सिलने जॉन आर्चर यांना महापौर केलं. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, जन्म लिव्हरपूलचा, व्यवसाय फोटोग्राफीचा. एका कृष्णवर्णीय माणसाला लंडनच्या बरोचा महापौर करण्याची ही पहिलीच वेळ. निवड एका मताने झाली, ४० विरुद्ध ३९. म्हणजे बॅटर्सी रंगभेदाच्या पलीकडे गेली होती असं म्हणायची सोय नाही. सभागृहातला जवळपास अर्धा भाग विरोधात होता. पण उरलेल्या अर्ध्या भागाकडे आपला माणूस रेटून नेण्याची ताकद होती.

ती ताकद कुठून यायची? बॅटर्सी ट्रेड्स कौन्सिल आणि मजूर पक्ष या एकत्रित संघटनेतून. रेल्वेवाले, गॅसवाले, बांधकाम मजूर अशा कामगार संघटनांच्या स्थानिक शाखांचे प्रतिनिधी तिथे एकत्र बसायचे. उमेदवार तेच ठरवायचे, दारोदार जाणारे कार्यकर्ते तेच पुरवायचे. १९१८ साली नव्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्षाने इथे शार्लट डेस्पार्ड यांना उभं केलं. वय ७४, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या, आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या बाजूच्या, आणि गंमत म्हणजे ब्रिटिश फौजेचे सेनानी सर जॉन फ्रेंच यांच्या सख्ख्या बहीण. स्त्रियांना संसदेची निवडणूक लढवता येणारी ती पहिलीच निवडणूक होती. युद्ध जिंकल्याच्या धुंदीत आघाडी सरकारचे उदारमतवादी रिचर्ड मॉरिस सहज निवडून आले आणि डेस्पार्डबाईंना जेमतेम एक तृतीयांश मतं पडली. पण आपली पसंती कशी असते, हे संघटनेने दाखवून दिलं होतं. सोयीचा उमेदवार ती शोधत नव्हती.

सकलातवालांचं नाव पुढे आलं ते याच ओळीत. मुंबईत १८७४ चा जन्म, सेंट झेवियर्समध्ये शिक्षण. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्याबरोबर त्यांनी मुंबईत काम केलं होतं. नंतर टाटांच्या लोखंडाच्या शोधात मध्य आणि पूर्व भारतातली जंगलं तुडवली, तब्येत बिघडली आणि १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथेच लग्न केलं, टाटांच्या कार्यालयात नोकरी करत राहिले, आधी इंडिपेंडंट लेबर पार्टीत आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात आले. त्या काळात कम्युनिस्ट माणसाला मजूर पक्षाच्या स्थानिक शाखेत राहता येत होतं, कारण कामगार संघटनेतून तो आपोआप तिथे पोचायचा. पुढचा सगळा गोंधळ या दुहेरी सभासदत्वाचा आहे. आपल्याकडे १९७९ मध्ये याच दोन शब्दांवर एक सरकार पडलं, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

आता आकडे. १९२२ मध्ये सकलातवाला मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार होते: ११,३११ मतं. राष्ट्रीय उदारमतवादी गटाचे हॉगबिन यांना ९,२९०. दुसऱ्या उदारमतवादी गटाचे आल्बू यांना १,७५६. मताधिक्य २,०२१. विरोधकांची मतं फुटली म्हणून ते आले, असं अनेकदा लिहिलं जातं. बेरीज करून पाहिली तर दोघा विरोधकांची मिळून ११,०४६ होतात, म्हणजे सकलातवालांपेक्षा २६५ कमीच. फूट नसती तरी ते आले असते, फक्त नखाच्या अंतराने. ब्रिटनमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, निम्म्यांची अट नाही. तरीही त्यांनी निम्म्याहून थोडी जास्त मतं घेतली होती.

१९२३ मध्ये सरळ लढत झाली. उदारमतवाद्यांचे दोन्ही गट एक झाले होते, हुजूर पक्षाने उमेदवार दिला नाही, आणि सकलातवाला पडले. हॉगबिन १२,५२७, सकलातवाला १२,३४१. फरक १८६. पराभूत उमेदवाराची मतं आधीच्या विजयापेक्षा हजाराहून जास्त होती! संघटनेने आपलं काम चोख केलं होतं. पलीकडच्या लोकांनी त्याहून जास्त माणसं घराबाहेर काढली.

मग १९२४. ही निवडणूक मला या मतदारसंघाच्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. मजूर पक्षाचं पहिलंवहिलं अल्पमतातलं सरकार पडलं होतं. मतदान २९ ऑक्टोबरला. चार दिवस आधी 'डेली मेल'ने कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांच्या नावाचं ते पत्र छापलं. मॉस्कोहून ब्रिटिश कम्युनिस्टांना बंडाची चिथावणी, असा त्याचा मजकूर. ते बनावट होतं असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. देशभर लाल रंगाची भीती पसरली आणि मजूर पक्ष १९१ जागांवरून १५१ वर आला. अशा हवेत सकलातवाला उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे होते. मजूर पक्षाच्या मुख्यालयाने त्यांना मान्यता नाकारली होती. समोर हॉगबिन, यावेळी 'घटनावादी' अशी पाटी लावून आणि हुजूर पक्षाचा पाठिंबा घेऊन. सगळी गणितं विरुद्ध, आणि निकाल असा: सकलातवाला १५,०९६, हॉगबिन १४,५५४. मताधिक्य ५४२.

दोन्ही बाजूंची मतं वाढली होती, एकाची २,७५५ ने, दुसऱ्याची २,०२७ ने. भीतीने लोक बाहेर पडले खरे, पण दोन्ही बाजूंचे. मुख्यालयाचं नाही ऐकायचं, असं स्थानिक शाखेने ठरवलं तर काय होतं, ते या आकड्यांत दिसतं. मुख्यालयाची पाटी नव्हती, पण तेच कार्यकर्ते, त्याच गल्ल्या, त्याच याद्या होत्या. मतदाराच्या दारात येऊन उभा राहणारा माणूस बदलला नव्हता, त्यामुळे बऱ्याच मतदारांच्या लेखी उमेदवारही बदलला नव्हता.

सकलातवालांचं वैयक्तिक कर्तृत्व यात नव्हतंच, असं मी म्हणत नाही. ते अफाट वक्ते होते. पुढची साडेचार वर्षं संसदेत कम्युनिस्ट पक्षाचे ते एकटेच सदस्य. हिंदुस्थान, आयर्लंड, बेकारी, सगळ्यावर बोलायचे. १९२५ मध्ये अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. १ मे १९२६ ला हाइड पार्कमधल्या भाषणाबद्दल, सार्वत्रिक संप सुरू होत असतानाच त्यांना अटक झाली. यापुढे गप्प राहीन असा जामीन द्यायला त्यांनी नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्स तुरुंगात काढले. १९२७ च्या जानेवारीत ते मुंबईत उतरले. गिरणगावापासून कलकत्त्यापर्यंत सभा झाल्या, गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहार झाला. चरख्याने कामगारांचं भलं होणार नाही, संघटना बांधा, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून सौम्य पण ठाम उत्तर दिलं. परत गेल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात यायची परवानगीच काढून घेतली. पुढे मजूर पक्षाचं सरकार आलं, तरी ती बंदी उठली नाही.

एक छोटी गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मुलांचा नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा विधी, केला आणि नास्तिक पक्षाने त्यांना जाहीर समज दिली. मुलांचा नवजोत करणारा कम्युनिस्ट, टाटांच्या पगारावर जगलेला कामगारपुढारी. नॉर्थ बॅटर्सीच्या मतदाराला यात विसंगती वाटली असेल का, कोण जाणे. त्याला बहुधा भाडं आणि बेकारभत्ता जास्त महत्त्वाचा असावा.

खरं वळण मात्र संसदेत किंवा मुंबईत नव्हे, बॅटर्सीतल्या समितीच्या खोलीत आलं. मजूर पक्षाने १९२४ आणि १९२५ च्या अधिवेशनांत कम्युनिस्टांना दार बंद केलं. ज्या स्थानिक शाखा कम्युनिस्टांना काढायला तयार नव्हत्या, त्यांची संलग्नताच मुख्यालयाने रद्द करायला सुरुवात केली. बॅटर्सीची संघटना तयार नव्हती आणि १९२६ मध्ये ती बाहेर काढली गेली. मुख्यालयाने तिच्या जागी नवी, अधिकृत शाखा उभी केली. एकाच गल्लीतले, वीस-वीस वर्षं एकत्र पत्रकं वाटलेले लोक दोन कार्यालयांत विभागले. आर्चर अधिकृत बाजूला गेले.

आर्चर यांना गद्दार म्हणणारे तेव्हाही होते, आजही सापडतात. मला ते पटत नाही. त्यांचं सगळं आयुष्य कौन्सिलच्या कामात गेलं होतं. घरं, गरिबांची मदत, स्थानिक पदं, हे सगळं ज्या पक्षातून होतं तो सोडून मॉस्कोच्या धोरणामागे फरफटत जायचं कशाला, असा त्यांचा हिशेब असेल तर तो चुकीचा म्हणता येत नाही. आणि मॉस्कोचं धोरण बदललंही होतं. १९२८ नंतर 'वर्गाविरुद्ध वर्ग' असा आदेश आला: मजूर पक्षाशी हातमिळवणी नाही, तोही शत्रूच. ज्या संयुक्त कामामुळे सकलातवाला तीनदा स्पर्धेत राहिले होते, ते काम त्यांच्याच पक्षाने पाप ठरवलं. वरून दोन्ही पक्षांच्या हायकमांडनी मिळून एका खालच्या संघटनेचे दोन तुकडे केले, असंच मी याला म्हणेन.

मार्च १९२९ मध्ये मेरठ कटाच्या खटल्यासाठी हिंदुस्थानात अटकसत्र झालं. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी आत गेले. डांगे, मिरजकर, आणि इंग्लंडहून आलेले स्प्रॅट आणि ब्रॅडली. सकलातवालांसाठी हा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. पण दोन महिन्यांवर निवडणूक होती, आणि नाइन एल्म्सच्या घरांत मेरठ फार लांब होतं.

३० मे १९२९ ची लढत चौरंगी झाली. मजूर पक्षाने फेबियन सोसायटी या समाजवादी विचारमंडळाचे माजी सचिव स्टीफन सँडर्स यांना तिकीट दिलं. हुजूर पक्षाचे आर्थर मार्सडन, एक उदारमतवादी, आणि सकलातवाला. आदल्या वर्षीच्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना मत मिळालं होतं, त्यामुळे यादीही फुगली होती. सँडर्स १३,२६५. मार्सडन १०,८३३. सकलातवाला ६,५५४.

देशभर मजूर पक्ष २८७ जागा घेऊन पहिल्यांदाच सर्वांत मोठा पक्ष झाला, म्हणजे वारा सँडर्स यांच्या पाठीमागून वाहत होता. तरी सँडर्स आणि सकलातवाला यांची बेरीज करून पाहा: १९,८१९. कामगारांची बाजू फुटली होती, पण आटली नव्हती, उलट वाढली होती. तिच्यातले दोन तृतीयांश पाटीकडे आणि यंत्रणेकडे गेले, एक तृतीयांश जुन्या माणसाबरोबर राहिले. ६,५५४ हा आकडा मी हरलेल्या माणसाचा म्हणून कमी लेखणार नाही. त्याच निवडणुकीत देशातल्या बहुतेक कम्युनिस्ट उमेदवारांची डिपॉझिटं गेली. दीडशे पौंड वाचवायला एक अष्टमांश मतं लागायची. सकलातवालांनी ती आरामात पार केली.

पण ही सगळी सहा हजार मतं त्यांची वैयक्तिक होती का? इथे जपून बोलावं लागतं. बाहेर काढलेली जुनी संघटना अजून अर्धीमुर्धी जिवंत होती, तिचे कार्यकर्ते त्यांच्यासाठी फिरले होते. संघटना पुरती विरल्यावर काय उरतं, ते १९३१ मध्ये दिसलं. मजूर पक्षाचे पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी स्वतःचाच पक्ष फोडून राष्ट्रीय सरकार केलं होतं, मजूर पक्ष ५२ जागांवर कोसळला, नॉर्थ बॅटर्सीसारखी जागासुद्धा हुजूर पक्षाच्या मार्सडन यांनी घेतली. सकलातवालांना ३,०२१ मतं पडली आणि डिपॉझिट गेलं. मजूर पक्ष सरकारात बदनाम झालेला, बेकारी शिगेला पोचलेली. कम्युनिस्टाला याहून अनुकूल हवा मिळणार नव्हती. तरी आकडा निम्म्यावर आला. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, पंधरा हजारांतली तीनेक हजार मतं माणसाची, तितकीच आणखी जुन्या सोबत्यांनी ओढून आणलेली, आणि उरलेली ट्रेड्स कौन्सिलच्या दारातून आलेली. अशी वजाबाकी ढोबळच असते. मतदार बदलतात, मरतात, घर सोडून जातात; सात वर्षांत यादीतली किती नावं तीच राहिली असतील? पण दिशा स्पष्ट आहे.

याआधी लंडनमधून दोन पारशी निवडून गेले होते. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी, फेरमोजणीनंतर अवघ्या ५ मतांनी. १८९५ मध्ये बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मंचरजी भावनगरी, हुजूर पक्षाकडून, १६० मतांनी. दोन्ही मतदारसंघ आज नाहीत. दादाभाईंनाही स्थानिक शाखेतल्या तिकिटाच्या भांडणाने वर्षानुवर्षं छळलं होतं. तिघांचे पक्ष वेगळे, पण तिघांनाही लंडनच्या कामगार वस्तीनेच आत घेतलं आणि तिघेही पुढे पडले. तिघांना एका माळेत ओवून 'आपल्या माणसांचा विजय' म्हणणं सोपं आहे. त्या माळेत भावनगरी काँग्रेसचे कट्टर विरोधक होते, ही अडचण मात्र राहते.

आर्चर १९३२ मध्ये वारले, सकलातवाला जानेवारी १९३६ मध्ये. १९३५ साली सँडर्स यांनी जागा परत मिळवली होती. त्यानंतरचा नॉर्थ बॅटर्सीचा इतिहास अभ्यासकाला झोप आणणारा आहे. १९४० मध्ये पोटनिवडणूक, फ्रान्सिस डग्लस. ते माल्टाचे गव्हर्नर झाले म्हणून १९४६ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक, डग्लस जे (Jay). ते हॅरल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री होते आणि युरोपच्या सामायिक बाजारपेठेला त्यांचा कडवा विरोध होता. सदतीस वर्षं ते तिथे राहिले. जागा मजूर पक्षाची, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. १९८३ मध्ये उत्तर आणि दक्षिण पुन्हा जोडून एकच बॅटर्सी झाली आणि १९१८ ची वाटणी पुसली गेली.

चार वर्षांनी, १९८७ मध्ये, ती जोडलेली जागा हुजूर पक्षाने जिंकली. तोपर्यंत नदीकाठचे कारखाने बंद पडत होते आणि कामगारांच्या छोट्या घरांत बँकांतली तरुण मंडळी राहायला येत होती. फ्रीडम स्ट्रीट आणि जुबर्ट स्ट्रीट अजून त्याच नावाने आहेत.